पापणीची जास्त कापलेली त्वचा: जुना धोका आणि त्याच्या दुरुस्तीचा इतिहास
पापणीची सैल त्वचा गरजेपेक्षा अधिक काढली गेली, तर डोळा पुरता मिटत नाही, हे रोमन ग्रंथकार सेल्ससने इसवी सनाच्या पहिल्या शतकातच नोंदवले होते. झोपेतही उघड्या राहणाऱ्या अशा डोळ्यासाठी त्याने उपायही दिला आहे: भुवईखाली, टोके खाली वळलेला चंद्रकोरीच्या आकाराचा छेद घ्यावा आणि जखम लगेच मिटू न देता मधली जागा मांसाने भरू द्यावी, म्हणजे पापणी खाली उतरते. त्वचा फारच थोडी उरली असेल, तर मात्र इलाज नाही, असे तो स्पष्ट सांगतो. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात पक्ष्मकोपावर, म्हणजे डोळ्यात टोचणाऱ्या केसांवर, पापणीच्या त्वचेचा जवाच्या आकाराचा भाग काढून शिवण्याची कृती आहे. तिचा हेतू सौंदर्याचा नाही, पण मोजून कापण्याची शिस्त तिथेही आहे.

विसाव्या शतकात सौंदर्यासाठी पापणीची ही शस्त्रक्रिया रूढ झाली आणि तो जुना धडा, माझ्या मते, मागे पडला. १९२४ मध्ये फ्रान्सच्या बूर्गे यांनी पापणीच्या आतून चरबी काढण्याची पद्धत मांडली, तर १९५१ मध्ये कास्तान्यारेस यांनी डोळ्याभोवतीच्या चरबीचे कप्पे नेमके दाखवले. त्यानंतर चरबी सढळपणे काढली जाऊ लागली आणि अनेकांचे डोळे वर्षांनंतर खोल गेलेले दिसू लागले. ती काढून टाकण्याऐवजी खालच्या खळग्यात सरकवण्याचा विचार ब्राझीलच्या लोएब यांनी १९८१ मध्ये मांडला.

दुरुस्तीची आजची साधने याच अनुभवातून आली आहेत. खाली ओढल्या गेलेल्या पापणीचा बाहेरचा कोपरा पापणीच्याच ऊतीच्या पट्टीने घट्ट करण्याची पद्धत अँडरसन आणि गॉर्डी यांनी १९७९ मध्ये वर्णिली. आधार कमी पडल्यास तोंडातील टाळूच्या अस्तराचा तुकडा आत बसवतात, आणि वरच्या पापणीत त्वचाच उरली नसेल तर त्वचेचे कलम करावे लागते. खोलगटपणा चरबी भरून कमी करता येतो. सूज आणि व्रण निवळेपर्यंत, साधारण सहा महिने, थांबावे असा सर्वसाधारण संकेत आहे; त्या काळात कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, कोरडा पडू नये म्हणून थेंब व मलम वापरतात.

डोळ्यामागील रक्तस्राव या थांबण्याला अपवाद आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी पाहणीनुसार तो साधारण २,००० शस्त्रक्रियांमागे एकदा होतो, आणि दृष्टी कायमची जाण्याचे प्रमाण २२,००० मध्ये एक आहे. तीव्र वेदना, डोळा पुढे येणे आणि नजर मंदावणे ही लक्षणे दिसताच टाके उघडून दाब कमी करावा लागतो; तिथे उशीर चालत नाही.