आपण 'भाडेकरू' म्हणतो, कागद काय म्हणतो?

वाकडच्या फ्लॅटचं भाडं तीन महिने आलं नाही, तेव्हा मी शिवाजीनगर कोर्टाजवळच्या एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी पहिलंच विचारलं, "काका, तो भाडेकरू आहे की लायसेन्सी?" मी म्हटलं, "भाडं देत नाही, एवढं मला माहीत आहे." त्या हसल्या आणि फाईल मागितली. फाईल एजंटाकडे होती.

पुण्यात आपण दोघांनाही भाडेकरूच म्हणतो, त्यामुळे घोळ होतो. कायद्यापुढे मात्र ही दोन वेगळी माणसं आहेत.

खरा भाडेकरू मी लहानपणी पाहिलाय. नारायण पेठेत आजोबांचा वाडा होता, वरच्या दोन खोल्यांत एक कुटुंब महिना 35 रुपयांवर राहायचं. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधली होती. पुढे 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, 31 मार्च 2000 पासून लागू झाला, आणि मालकाला वर्षाला 4 टक्के वाढ मिळाली. 35 रुपयांवर 4 टक्के म्हणजे एक रुपया चाळीस पैसे. आजोबा असते तर पेढे वाटले असते.

अशा भाडेकरूचा जागेत हक्क तयार होतो. त्याने भाडं थकवलं तरी आधी लेखी मागणीची नोटीस द्यायची, 90 दिवस थांबायचं, मग दावा. आणि दाव्याचं समन्स मिळाल्यावरही त्याने 90 दिवसांत सगळी थकबाकी, 15 टक्के सरळ व्याज आणि खर्च कोर्टात भरला, तर थकबाकीच्या कारणावरून त्याला बाहेर काढता येत नाही. वाड्यांचे खटले नातवापर्यंत का चालतात, ते यावरून समजावं.

लायसेन्सीचा जागेत हक्क नसतो. मालकाने परवानगी दिली म्हणून तो राहतो. परवानगी नसती तर तेच राहणं घुसखोरी ठरलं असतं. लिव्ह अँड लायसन्स म्हणतात ते हे. मुदत संपूनही तो हलला नाही, तर राहत्या घरासाठी याच 1999 च्या कायद्याच्या कलम 24 खाली मालक नेहमीच्या कोर्टाऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कामासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज करतो. समोरच्याला लढायचं असेल, तर समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन आधी लढण्याचीच परवानगी घ्यावी लागते. शिवाय मुदतीनंतर राहिल्याबद्दल दुप्पट दराने नुकसानभरपाई. याच कलमानुसार लेखी करारात जे लिहिलंय, तो निर्णायक पुरावा.

एक गोष्ट लोक विसरतात. कलम 24 मुदत संपल्यानंतरचं बोलतं. तीन वर्षांचा करार केला आणि पाचव्या महिन्यात पैसे थांबले, तर मुदतीपूर्वी करार रद्द करण्याची अट नेमकी कशी लिहिली आहे, यावर भांडण होतं. ती अट स्पष्ट लिहून घ्यावी. मी तर आता 11 महिन्यांच्या वर जातच नाही.

पण '11 महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही' हे डोक्यातून काढून टाका. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं, या केंद्राच्या नियमातून ती पळवाट निघाली. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून वाईट म्हणजे अटी काय ठरल्या होत्या याबद्दल राहणारा जे म्हणेल ते धरलं जातं, जोवर तुम्ही उलट सिद्ध करत नाही.

माझं घोडं इथेच अडलं. पहिला करार रीतसर नोंदवलेला होता. नूतनीकरणाच्या वेळी, फ्लॅट सांभाळायला नेमलेल्या एजंटाने सांगितलं, "झालं काका, काळजी करू नका." माझ्याकडून नोंदणीचे पैसे घेतले. शेवटी फाईल हाती आली, तेव्हा आत पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरीचा लाल शिक्का. नोटरी सही खरी असल्याचं बघतो. ती नोंदणी नव्हे. दुय्यम निबंधकाच्या नोंदीत आमचा दुसरा करार नव्हताच. हे मी घरबसल्या आधीच तपासू शकलो असतो, कारण ऑनलाइन नोंदणी झाली की दस्ताला क्रमांक मिळतो. मी क्रमांक मागितलाच नव्हता.

नोंदणी न करून एजंटाचे वाचले किती, तेही सांगतो. भाडं 22,000, डिपॉझिट 60,000, मुदत 11 महिने. मुद्रांक शुल्क एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के धरलेलं व्याज, या रकमेच्या 0.25 टक्के, म्हणजे सव्वासहाशेच्या आत. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. यासाठी एजंटाने माझी बाजू लंगडी केली.

माझ्या मेव्हण्याचा सल्ला होता, "पाणी तोड, दोन दिवसांत जाईल." तसं करू नये. भाडेकरूचं पाणी-वीज विनाकारण तोडायला कलम 29 मनाई करतं. आणि कुलूप बदलून जबरदस्तीने बाहेर काढलं, तर विशिष्ट अनुतोष कायद्याखाली (स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट) तो सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागायला कोर्टात जाऊ शकतो. म्हणजे पैसे थकवले त्याने आणि उत्तरं द्यायची मी.

वकीलबाईंनी दोन्ही बाजू मांडून दाखवल्या: नोंदणी नसलेल्या कागदावर त्याने 'मी भाडेकरूच आहे, तोंडी तीन वर्षांचं ठरलं होतं' असा पवित्रा घेतला, तर मलाच ते खोडून काढावं लागणार. म्हणून बोलणी केली. डिपॉझिट थकबाकीत वळतं केलं, उरलेल्या सहा हजारांवर पाणी सोडलं, त्याने ताबा दिल्याचं लिहून दिलं.

चावी हातात ठेवताना तो म्हणाला, "काका, गीझर बघून घ्या, वर्षभर गळतोय." त्याच गीझरच्या दुरुस्तीचं अठराशेचं बिल एजंटाने मला मार्चमध्ये पाठवलं होतं, आणि मी ते भरलंही होतं.