गाडी हातभर पुढे घ्या, एफेम सुधारतं
सिग्नलला गाडी थांबली की एफेमवर खरखर सुरू होते, आणि पुढची रिक्षा जरा सरकली म्हणून आपणही हातभर पुढे घेतली की गाणं परत स्वच्छ. हा अनुभव शहरात गाडी चालवणाऱ्या बहुतेकांना असेल. मला कित्येक दिवस वाटायचं की एरियल सैल झालीये, दोनदा तर मी ती पिळून घट्ट पण केली. पण त्या बिचारीचा काही दोष नसतो.

एफेमची लाट साधारण 3 मीटर लांब असते. टॉवरवरून एक लाट सरळ येते आणि तीच लाट शेजारच्या बिल्डिंगवर आपटून जराशी उशिरा येते. जिथे दोघींचे चढ एकावर एक पडतात तिथे सिग्नल दणदणीत, आणि जिथे एकीचा चढ नि दुसरीचा उतार, तिथे वजाबाकी. या दोन जागांमधलं अंतर कधीकधी जेमतेम 75 सेंटीमीटर असतं, म्हणजे आपली हातभर सरकलेली गाडी.

आता कोणी म्हणेल, डिजिटल केलं की संपलं. एवढं सोपं नाही हो. आवाजाचे शून्य-एक केले आणि ते भराभर पाठवले, तर आधीच्या बिटचा प्रतिध्वनी पुढच्या बिटवर येऊन बसणार, म्हणजे उलट जास्तच गोंधळ. विजापूरच्या गोलघुमटात उभं राहून कोणी भरभर बोललं तर एक शब्द तरी धड कळेल का? तिथे बोलायचं तर एक शब्द बोला, घुमणं विरू द्या, मग दुसरा. पण असं रडतखडत बोलून भाषण संपणार कधी? तर उपाय असा की दीड हजार माणसं उभी करा, प्रत्येकाची पट्टी वेगळी, प्रत्येकाने सावकाश एकेक शब्द बोलायचा, आणि ऐकणाऱ्याने पट्ट्या वेगळ्या करून सगळं जोडून घ्यायचं.

युरोपातली डॅब नावाची डिजिटल पद्धत अगदी हेच करते. तिच्यात 1536 बारीक बारीक लहरी शेजारी शेजारी चालतात आणि प्रत्येक ‘शब्द’ 1 मिलिसेकंद टिकतो, वर 246 मायक्रोसेकंद सवलतीचे, त्या वेळात जे येईल ते रेडिओ कानावर घेतच नाही. एवढ्या वेळात रेडिओलहर जवळपास 74 किलोमीटर जाते, म्हणजे प्रतिध्वनी तेवढा लांबचा फेरा मारून आला तरी चालतंय. आणि यातूनच एक भारी गोष्ट झाली. शेजारच्या टॉवरवरून तोच कार्यक्रम त्याच फ्रिक्वेन्सीवर सोडला तर रेडिओला तो फक्त आणखी एक प्रतिध्वनी वाटतो, आणि त्याने सिग्नल बिघडत नाही, उलट बळ मिळतं. एफेममध्ये हे जमत नाही, तिथे शेजारच्या टॉवरला वेगळी फ्रिक्वेन्सी द्यावी लागते, म्हणून तर लांबच्या प्रवासात आपण सारखं स्टेशन शोधत बसतो.

डोंगर आणि खाड्यांनी चिरलेल्या नॉर्वेला हे फार सोयीचं होतं. गावागावाला टॉवर लावूनही देशभर एफेमची पाचच चॅनेल बसत होती, डॅबवर वीसच्या वर बसली. तिथल्या एनआरके या सरकारी रेडिओ-टीव्ही संस्थेने 1995 सालीच डिजिटल चालू केलं होतं, आणि 11 जानेवारी 2017 ला सकाळी 11 वाजून 11 मिनिटं 11 सेकंदांनी (मुहूर्त काढण्यात आपणच पुढे असं नाही) नॉर्डलँड प्रांतात राष्ट्रीय चॅनेलचं एफेम बंद करायला सुरुवात झाली. डिसेंबरपर्यंत देशभर बंद, फक्त छोटी स्थानिक स्टेशनं एफेमवर राहिली. लोक खूश नव्हते, बंद व्हायच्या आधीच्या एका पाहणीत 66 टक्के लोक विरोधात होते. घरातला रेडिओ बदलता येतो हो, पण लाखो गाड्यांमध्ये जुनेच सेट, त्यांना वेगळा अडॅप्टर लावत बसा.

आणखी एक तक्रार मला फार पटते. एफेम मरताना सांगून मरतं, आधी थोडी खरखर, मग जास्त, तरी बातमी कळत राहते. डिजिटलमध्ये चुका दुरुस्त करायची सोय असल्यामुळे सिग्नल कमी होत गेला तरी आवाज टकाटक, आणि एका हद्दीपलीकडे दोन क्षण बुडबुड्यांसारखा आवाज की एकदम सामसूम. वर ही सगळी जोडाजोड करायला वेळ लागतो, त्यामुळे डिजिटल रेडिओवरचे तासाचे ठोके दोनचार सेकंद उशिरा पडतात. त्यावर घड्याळ लावायचं काम नाही.

आपल्याकडे आकाशवाणीने डॅब न घेता डीआरएम नावाची दुसरी डिजिटल पद्धत घेतली, कारण मीडियम वेव्हचा पसारा मोठा. तिथे एका स्टेशनला 9 किलोहर्ट्झची चिंचोळी पट्टी मिळते, डीआरएम तेवढ्यातच बसतं आणि जुन्या कार्यक्रमाच्या शेजारून चालवताही येतं, म्हणजे जुने सेट लगेच भंगारात जात नाहीत. तीसच्या वर ट्रान्समीटर कधीच तयार झालेत. घोडं अडलंय सेटपाशी, काही नव्या गाड्यांमध्ये डीआरएम येतो, पण घरातल्या टेबलावर ठेवायला स्वस्तातला रेडिओ शोधायला जा म्हणजे कळेल. खाजगी एफेमच्या बाबतीत ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, 2025 मध्ये मोठ्या शहरांत जुनं-नवं बरोबरच चालवायची शिफारस केलीये, एफेम कधी बंद होणार ते मात्र पुढे बघू म्हणून ठेवलंय.

मी मध्यंतरी एका दुकानात डिजिटल रेडिओ आहे का विचारलं. दुकानदाराने लगेच एक ब्लूटूथ स्पीकर काढून चालू केला आणि लाल आकड्यांवर बोट ठेवून म्हणाला, “हा काय साहेब, डिजिटलच आहे, स्टेशनचा नंबर दिसतो बघा!”