दोन्ही विंग पाचच्याच, मग ओढ वेगळी का?

विंग फॉइलिंग म्हणजे हवा भरलेला कापडी पंख (विंग) हातात धरून वाऱ्याच्या जोरावर बोर्डवरून पाण्यावर चालण्याचा खेळ. त्यात “कुठली विंग घेऊ?” असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं: “वजन 75 किलो ना? मग 5 चौरस मीटर घे.” हे गणित सगळ्यांना पाठ आहे आणि ते बरोबरही आहे. 15 ते 20 नॉट (ताशी सागरी मैल) वाऱ्यात त्या वजनाला 5 चालते. घोळ होतो तो 5 म्हणजे 5 असं धरल्यामुळे. कापड किती आहे ते हा आकडा सांगतो, त्या कापडाला पोट किती आहे, म्हणजे त्याची कमान किती खोल आहे, ते सांगत नाही.

खोल पोटाची विंग कमी वेगातही जोरात ओढते. बोर्डवर गुडघे टेकलेले असताना, फॉइल (बोर्डखालचा, वेग आला की बोर्ड पाण्याबाहेर उचलणारा पंख) अजून पाण्यात जड असताना, हीच ओढ तुम्हाला वर काढते. सपाट विंग त्या क्षणी ढिम्म वाटते, हात मारून मारून पंप करावी लागते.

पण फॉइलने बोर्ड वर उचलला की सगळं उलटतं. समजा वारा 15 नॉट आहे आणि तुम्ही त्याला आडवे 15 नॉटनेच चालला आहात. आता विंगला लागणारा वारा 21 नॉटचा, आणि तोही तिरका समोरून. दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तो दुप्पट झाला. इकडे बोर्ड पाण्याबाहेर आल्याने अडथळा मात्र घटलेला. जे पोट मघाशी हवंहवंसं होतं तेच आता बाजूला खेचतं, खांदे भरून येतात, वाऱ्यावर चढता, म्हणजे वाऱ्याच्या रोखाने तिरकं पुढे जाता, येत नाही. सपाट विंग इथे शांतपणे कापत जाते.

म्हणून नवशिक्याने पोटाचीच घ्यावी, यावर मी ठाम आहे, कारण त्याचं सगळं अडतं ते उठण्यापाशी. लाटेवर विंग नुसती मागे धरून घसरायचं असेल तर सपाटच. उठता येत नाही म्हणून सपाट 5 ऐवजी सपाट 6 घेणाऱ्यांना पाहून मला फार वाईट वाटतं. लांबी वाढते, आणि गुडघ्यांवर असतानाच टोक पाण्यात अडकतं.

धरायला बूम (सलग दांडा) की हँडल? हाताला जे आवडेल ते. कापडातली पारदर्शक खिडकी? गर्दीत बरी, थोडं वजन वाढवते, बस्स.

पोट ओळखायचं कसं? आधी विंग तिच्यावर छापलेल्या दाबापर्यंत पूर्ण फुगवा. पुढची नळी मऊ राहिली तर ती वाकते, कापड ढिलं पडतं आणि सपाट विंगही पोटाची भासते. मग टोकाकडून कापडाची कमान बघा. शेवटी वाऱ्यात उभे राहून फक्त पुढचं हँडल धरा, बाकी विंग मोकळी सोडा. सपाट विंग हातामागे स्थिर तरंगते. पोटाची डोलत राहते, मनगटाला हिसके देते.