रॉड लेव्हरच्या 11 मागची पाच वर्षं

ऑस्ट्रेलियाचा टेनिसपटू रॉड लेव्हर म्हटलं की 11 ग्रँड स्लॅम (टेनिसच्या चार सर्वात मोठ्या स्पर्धांची विजेतेपदं) हा आकडा येतो आणि आजच्या 20-22-24 वाल्यांपुढे तो बारीक वाटतो. पण 1963 ते 67 या काळात काय झालं ते बघितल्याशिवाय त्या 11 ला काही अर्थच नाही.

क्वीन्सलँडमधल्या रॉकहॅम्प्टनचा हा डावखुरा, 1962 ला एकाच वर्षात चारही जिंकला आणि वर्षअखेरीस डेव्हिस कप (देशादेशांमधली टेनिस स्पर्धा) झाल्या झाल्या प्रो, म्हणजे उघड पैसे घेऊन खेळणारा, झाला. तेव्हा प्रो झालात की चारही स्पर्धा बंद, डेव्हिस कपही बंद. सगळा घोळ 'अमॅच्युअर' या शब्दात आहे. कागदावर अमॅच्युअर म्हणजे खेळायचे पैसे न घेणारा, पण मोठ्या खेळाडूंना खर्चाच्या नावाखाली पाकिटं मिळायची, हे आयोजकांपासून सगळ्यांना माहीत होतं, म्हणजे गुपचूप घेतले तर चालतं आणि उघड घेतले की बाहेर! लोक म्हणतात त्यानं पैशासाठी स्वतःहून सोडलं, 3 वर्षांची 1,10,000 डॉलर्सची हमी होती. होती ना, पण पोट भरायला खेळणं हा गुन्हा कसा? हेही खरं की 1962 ला सगळ्यात तगडे खेळाडू आधीच प्रो होते, आणि 1963 च्या सुरुवातीला दोन सीनियर्सनी त्याला मॅचमागून मॅच हरवलं. तिथून तो प्रोंमध्येही नंबर एक झाला. पण 24 ते 29 या ऐन वयातल्या 21 ग्रँड स्लॅम स्पर्धा (पाच वर्षांच्या 20 आणि 1968 च्या सुरुवातीची ऑस्ट्रेलियन) गेल्या त्या गेल्याच.

1967 ला विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर प्रोंची स्पर्धा झाली, तुफान गर्दी, जिंकला लेव्हरच, आणि पुढच्या वर्षी प्रोंसाठी ग्रँड स्लॅमची दारं उघडली. 1968 चं विम्बल्डन त्याचंच. 1969 ला परत चारही, पण ते काय सहज नव्हतं, विम्बल्डनच्या दुसऱ्या राउंडला आपल्या प्रेमजीत लालनं त्याला दोन सेट मागे टाकलं होतं, मग 6-3, 6-0, 6-0. न्यूयॉर्कच्या फायनलला गवत इतकं ओलं की हेलिकॉप्टर फिरवून वाळवलं, लेव्हरनं खिळ्यांचे बूट चढवले, पहिला सेट 7-9 गेला तरी पुढचे तीन घेतले. त्यानंतर आजवर एकाही पुरुषाला एका वर्षात चारही सिंगल्स जमलेले नाहीत.

पुरुषांमध्ये 2000 पर्यंत सर्वाधिक 12 चा रेकॉर्ड होता तो त्याच्याच देशातल्या खेळाडूचा, ज्याला लेव्हरनं 1962 च्या तीन फायनलमध्ये हरवलं होतं. त्या 12 पैकी 10, लेव्हर बाहेर होता त्याच 1963 ते 67 या पाच वर्षांतल्या आहेत.