लॉन मूव्हरचा ड्राइव्ह बेल्ट वारंवार तुटत असेल तर
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आपल्या सोसायटीच्या, शाळेच्या मैदानाच्या किंवा बंगल्याच्या लॉन मूव्हरचा बेल्ट काही हंगामांनी तुटला, तर त्यात वावगे काहीच नाही, कारण बेल्ट ही झिजणारीच वस्तू आहे. मात्र नवा बसवलेला बेल्ट त्याच हंगामात पुन्हा तुटत, जळत किंवा पुलीवरून निसटत असेल, तर दोष बहुधा बेल्टमध्ये नसून त्याच्या आजूबाजूला असतो आणि तो सापडेपर्यंत आणखी एक बेल्ट विकत घेण्यात अर्थ नसतो. हे पत्रक स्वतःच्या शक्तीने पुढे सरकणाऱ्या आणि मागून चालत चालवायच्या पेट्रोल यंत्रांविषयी आहे. अशा बहुतेक यंत्रांत पाते थेट इंजिनच्या शाफ्टवर बसवलेले असते आणि बेल्ट फक्त चाके फिरवतो. म्हणून बेल्ट तुटल्यावरही गवत कापले जाते, पण यंत्र ढकलत न्यावे लागते.

तपासणीपूर्वी इंजिन थंड होऊ द्यावे, पेट्रोलचा कॉक बंद करावा आणि स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला ठेवावी. ही टोपी काढल्याशिवाय पात्याला हात लावू नये, कारण पाते हाताने फिरवले तरी इंजिन क्षणभर पेट घेऊ शकते. यंत्र आडवे करताना एअर फिल्टरची बाजू वर ठेवावी, नाहीतर ऑइल फिल्टरमध्ये उतरते.

जुन्या बेल्टवरच्या खुणा

तुटलेला बेल्ट टाकून देऊ नये. तो कोरड्या कापडाने पुसून उजेडात पाहावा. व्ही-बेल्ट आपल्या दोन उतरत्या कडांनी पुलीच्या खाचेत पाचरीसारखा रुतून ओढतो, तळाने नाही. म्हणून आधी कडा पाहाव्यात. दोन्ही कडा काचेसारख्या चकाकत असतील, तर बेल्ट बराच काळ घसरत होता. एकाच ठिकाणी जळून खोलगट झाला असेल, तर चाके किंवा गिअरबॉक्स अडकलेला असताना इंजिनची पुली त्या जागी फिरत राहिली होती. एकच कड विसविशीत होऊन दोरे बाहेर आले असतील, तर पुल्या एका रेषेत नाहीत. बेल्ट फुगून मऊ झाला असेल, तर त्याला ऑइल किंवा पेट्रोल लागले आहे आणि गळती थांबवल्याशिवाय नवा बेल्ट टिकणार नाही. बाकी बेल्ट चांगला असून एका जागी सरळ तुटला असेल, तर एकतर पाते किंवा चाक अडकून जबर हिसका बसला आहे किंवा बसवताना स्क्रू ड्रायव्हरने तो पुलीवर चढवला गेला आहे. अशा ओढाताणीत आतले दोरे तुटतात, बाहेरून काहीच दिसत नाही आणि बेल्ट थोड्याच दिवसांत जातो.

केबलचा ताण आणि चालवण्याची सवय

आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत या दोन गोष्टी आम्ही सर्वांत आधी पाहतो. हँडलवरची दांडी दाबली की केबल ओढली जाते, त्यामुळे आयडलर पुली (बेल्टला ताण देणारी मोकळी फिरणारी पुली) बेल्टवर दाबली जाते किंवा काही यंत्रांत गिअरबॉक्सच थोडा कलतो आणि बेल्ट ताणला जातो. दांडी सोडल्यावर बेल्ट पूर्ण ढिला झाला पाहिजे. केबल जास्त घट्ट असेल, तर दांडी सोडूनही बेल्ट पुलीला घासत राहतो. मिनिटाला सुमारे 3000 फेऱ्यांच्या वेगाने फिरणाऱ्या पुलीला असा टेकून राहिलेला बेल्ट काही तासांतच जळतो. केबल ढिली असेल, तर चढावर किंवा गवताची पिशवी भरल्यावर बेल्ट घसरतो आणि कडांना चकाकी येते. तपासणी सोपी आहे. इंजिन बंद ठेवून दांडी सोडलेल्या स्थितीत यंत्र पुढे ढकलावे, ते सहज गेले पाहिजे. नंतर दांडी दाबून पाहावी, तेव्हा बेल्टला स्पष्ट ताण आलेला दिसला पाहिजे. केबल गंजून आतच अडकत असेल, तर ती बदलावी, कारण ॲडजस्टर कितीही फिरवला तरी तिचा अडकण्याचा दोष जात नाही.

चालवण्याची सवयही तितकीच महत्त्वाची आहे. फुलझाडांच्या वाफ्याजवळ यंत्र हळू न्यावे म्हणून अनेक माळी दांडी अर्धवट दाबून चालवतात. वेग बदलण्याची वेगळी सोय नसलेल्या यंत्रात याचा अर्थ बेल्ट सतत घसरत ठेवणे असा होतो. अशा ठिकाणी दांडी पूर्ण सोडून यंत्र हाताने ढकलावे. यंत्र मागे ओढण्यापूर्वी दांडी सोडावी आणि काही यंत्रांत चाकांची पकड सुटण्यासाठी ते आधी किंचित पुढे सरकवावे. पावसाळ्यात गुडघाभर वाढलेले ओले गवत एकाच फेरीत कापण्याचा आग्रह धरू नये. एका वेळी गवताच्या उंचीचा साधारण एक-तृतीयांश भाग कापावा आणि दोन दिवसांनी पुन्हा फिरावे.

अडकणारी चाके, गंजलेल्या पुल्या

बेल्ट काढून ठेवल्यावर गिअरबॉक्सची पुली हाताने फिरवून पाहावी. ती खरखरत असेल, अडखळत असेल किंवा वरखाली हलत असेल, तर बेअरिंग गेले आहे. मागच्या चाकाची टोपी उघडल्यावर आत वाळलेले गवत, लाल मातीचा थर आणि दातेरी पिनियनला घट्ट गुंडाळलेली नायलॉनची दोरी असे सगळे एकत्र निघते. ते स्वच्छ करून कोरडे करावे. आयडलर पुली बोटाने फिरवल्यावर आवाज न करता फिरली पाहिजे.

पुलीच्या खाचेच्या भिंती मध्ये खोलगट झाल्या असतील किंवा तळ चकाकत असेल, तर बेल्ट खाली टेकतो आहे आणि कडांची पकड सुटली आहे. अशा पुलीवर नवा बेल्ट बसवूनही काही साधत नाही. पुलीच बदलावी लागते. पावसाळ्यानंतर गंजलेली पुली बारीक पॉलिश पेपरने घासून साफ करावी, कारण गंज बेल्टच्या कडा खरवडतो. पुल्या एका रेषेत आहेत का, हे दोरी ताणून किंवा सरळ पट्टी धरून पाहता येते. गिअरबॉक्सचा आधार देणारा ब्रॅकेट वाकलेला किंवा बोल्ट ढिला असेल, तर दांडी दाबली असतानाच पुल्या तिरप्या होतात. म्हणून तपासणी दांडी दाबलेल्या स्थितीतही करावी.

बेल्टची निवड

बाजारात मिळणारा ‘ए’ सेक्शनचा (व्ही-बेल्टच्या एका ठरावीक मापाचा) बेल्ट वर 13 मिलिमीटर रुंद असतो आणि मूव्हरच्या काही बेल्टशी मापाने इतका जवळ जातो की तो सहज बसतो. पण मूव्हरचे बेल्ट वेगळे बनवलेले असतात. त्यांच्या आत अरामिड तंतूचे मजबूत दोरे असू शकतात आणि बाहेरचे कापड असे असते की ताण सुटल्यावर बेल्ट पुलीवर सहज घसरावा. पाठीवरून दाबणाऱ्या आयडलरमुळे पडणारे उलटे वाकणेही त्यांनी सहन करायचे असते. साधा बेल्ट या कामात लवकर तडकतो, म्हणून स्वस्त बेल्टचा मोह धरू नये, असा आमचा आग्रह आहे. मागणी करताना मॉडेल क्रमांक डेकवरच्या (पात्यावरच्या आवरणावरच्या) पट्टीवरून घ्यावा. इंजिनवरचा क्रमांक इंजिनचा असतो, आणि एकच इंजिन अनेक सांगाड्यांवर बसवलेले असते. जुन्या बेल्टचे माप घेऊन नवा मागू नये, कारण झिजलेला बेल्ट अरुंद झालेला आणि ताणलेला असतो.

घसरणाऱ्या बेल्टला राळ किंवा चिकट स्प्रे लावू नये. पिठाच्या गिरणीच्या सपाट पट्ट्याला राळ चालते, परंतु येथे ती धूळ धरून ठेवते आणि दांडी सोडल्यावरही बेल्ट पुलीला चिकटून राहतो.

नवा बेल्ट बसवताना तो मार्गदर्शक पिनांच्या आतूनच जाईल याची खात्री करावी आणि पात्याचा बोल्ट यंत्राच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनुसार, म्हणजे आवळण्याच्या जोरानुसार, आवळावा. पहिल्या एक-दोन कापण्यांत बेल्ट थोडा ताणला जातो, त्यानंतर केबल एकदा पुन्हा जुळवून घ्यावी. इतके करूनही बेल्ट टिकला नाही, तर यंत्रासोबत तुटलेला बेल्ट, त्याआधीचा बेल्ट असल्यास तोही आणि यंत्र चालवणाऱ्या व्यक्तीलाही कार्यशाळेत घेऊन यावे. बेल्ट कोणत्या क्षणी तुटला, चढावर की वळणावर, हे चालवणाराच नेमके सांगू शकतो, आणि त्यावरून दोष शोधणे आम्हाला बरेच सोपे जाते.