अल्ट्राफास्ट लेझरमध्ये पीएचडी करायचीय? आधी मागचा इतिहास बघा

नाशकात लेझर म्हटलं की अंबड-सातपूरला पत्रा कापणारी मशीनं नाहीतर डोळ्याच्या दवाखान्यावरचा 'ब्लेडलेस लॅसिक'चा बोर्ड, एवढंच डोक्यात येतं. पण २०२३ चं फिजिक्सचं नोबेल अ‍ॅटोसेकंद पल्सना, म्हणजे प्रकाशाच्या अतिशय छोट्या झोतांना, मिळाल्यापासून बीएस्सी फिजिक्सची पोरं 'सर, अ‍ॅटोसेकंदमध्ये करिअर होतं का' असं विचारायला लागलीत, म्हणून हे लिहितोय. (अ‍ॅटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा अब्जावा भाग, फेम्टोसेकंद त्याच्या हजारपट; एवढ्या छोट्या पल्स देणारा लेझर तो अल्ट्राफास्ट.)

सुरुवात लेझरच्याही आधीची आहे. मारिया गोपर्ट मायर यांनी जर्मनीत पीएचडी करताना गणितानं दाखवलं की अणू एकाच वेळी दोन फोटॉन (प्रकाशाचे कण) गिळू शकतो, ते १९३१ ला छापून आलं आणि मग तीस वर्षं नुसतं कागदावर पडून राहिलं, कारण तेवढा तीव्र प्रकाश आणायचा कुठून? १९६० ला मायमननी रुबी लेझर, म्हणजे जगातला पहिला लेझर, चालवला आणि पुढच्याच वर्षी ते सिद्धही झालं. त्याच वर्षी मिशिगनमध्ये फ्रँकेन आणि मंडळींनी रुबीचा ६९४ नॅनोमीटरचा लाल प्रकाश क्वार्ट्झमधून सोडला, तर त्यातला अगदी किंचित भाग ३४७ चा, म्हणजे बरोबर दुप्पट फ्रिक्वेन्सीचा होऊन बाहेर आला. नॉनलिनिअर ऑप्टिक्स, म्हणजे तीव्र प्रकाशात पदार्थ असा वेगळा वागतो त्याचा अभ्यास, प्रयोगात उतरलं ते इथून. गंमत म्हणजे पेपरमधल्या फोटोत त्या ३४७ च्या प्रकाशाचा जो बारीक ठिपका होता तो छापणाऱ्यांनी डाग समजून पुसून टाकला, नुसता बाण राहिला!

नंतर पल्स छोटी करायची शर्यत लागली, मोड-लॉकिंग (लेझरमधल्या लहरी एका तालात आणून छोट्या पल्स काढायची युक्ती) आलं, डाय लेझर (रंगद्रव्यावर चालणारे) आले, ऐंशीच्या दशकात बेल लॅबनी ६ फेम्टोसेकंदापर्यंत मजल मारली. पण छोट्या पल्सची ताकद वाढवायला गेलं की अ‍ॅम्प्लिफायरच जळायचा, आणि माझ्या मते खरं वळण इथंच आहे. १९८५ ला अमेरिकेत रोचेस्टरमध्ये डोना स्ट्रिकलंड आणि त्यांचे गाइड जेरार मूरू यांनी पल्स आधी लांब ताणली, मग वाढवली आणि शेवटी परत दाबली. कुंभात गर्दी एकदम रामकुंडावर न सोडता लांबच लांब रांग करून आणतात ना, साधारण तसंच. ताणायला १.४ किलोमीटर फायबर वापरली होती. स्ट्रिकलंड तेव्हा पीएचडीच्या विद्यार्थिनी होत्या आणि हा त्यांचा पहिलाच पेपर, त्यावर २०१८ चं नोबेल, आणि नोबेल जाहीर झालं तेव्हाही त्या असोसिएट प्रोफेसरच होत्या (प्रमोशनला अर्जच केला नव्हता म्हणे). लॅसिकचा फेम्टोसेकंद लेझर मूरूंच्याच मिशिगनमधल्या नंतरच्या कामातून आला.

अ‍ॅटोसेकंदाचं पण असंच. अ‍ॅन लुइलिए आणि सहकाऱ्यांना १९८७ ला गॅसमधून लेझर सोडताना हार्मोनिक्सची (मूळ फ्रिक्वेन्सीच्या कितीतरी पटींच्या प्रकाशाची) रांगच्या रांग दिसली, त्यातूनच पुढं या पल्स बनल्या, २००१ ला अगोस्तिनी आणि क्राउझ यांनी २५० आणि ६५० अ‍ॅटोसेकंदाच्या पल्स मोजल्या, तिघांना नोबेल थेट २०२३ ला.

आपल्याकडे हे काम करणारं इंदूरचं आरआरकॅट हे सरकारी लेझर संशोधन केंद्र, ज्याचे संस्थापक डायरेक्टर दिलीप भवाळकर, आणि मुंबईत कुलाब्याचं टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था), जिथं जी. रवींद्र कुमार यांनी फेम्टोसेकंद लेझर घन पदार्थावर मारून तयार होणाऱ्या प्लाझ्मावर (अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे झालेला तापलेला वायू) बरंच काम केलंय, २००३ चा भटनागर पुरस्कारही आहे त्यांना. म्हणजे नाशकातून पंचवटी एक्स्प्रेसनं सकाळी निघालं तरी टीआयएफआरची लॅब बघून त्याच दिवशी परत येता येईल एवढ्या अंतरावर हे चालू आहे. रस्ता मात्र लांबचा, बीएस्सी, मग जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी, मग पीएचडीच्या प्रवेशासाठी टीआयएफआरची जीएस किंवा जेस्ट परीक्षा, मग पाच-सहा वर्षं पीएचडी, त्यातला बराच वेळ ऑप्टिकल टेबलावर आरसे केसभर इकडंतिकडं करण्यात जातो, आणि पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाला, बहुतेक जण परदेशात जातातच.