शीतनिद्रेतही जागी असणारी अस्वलमाता

उत्तर अमेरिकेतील काळ्या अस्वलाची शीतनिद्रा म्हणजे कित्येक महिन्यांची बेशुद्ध झोप, अशी समजूत सर्वत्र आढळते. गाभण मादीला तर ती मुळीच लागू पडत नाही. कारण कडाक्याच्या थंडीत, बहुधा जानेवारीत, ती आपल्या निवाऱ्यात पिल्लांना जन्म देते आणि वसंत ऋतू येईपर्यंत स्वतः काहीही न खाता त्यांना दूध पाजते.

समागम उन्हाळ्याच्या सुरुवातीला होतो. मात्र फलित गर्भाची वाढ लवकरच थांबते आणि तो अनेक महिने गर्भाशयात न रुजता तसाच राहतो. शरद ऋतूत मादीच्या अंगावर पुरेशी चरबी साठली, तरच तो नोव्हेंबरच्या सुमारास रुजतो. त्यानंतरची प्रत्यक्ष वाढ जेमतेम सहा ते आठ आठवड्यांची असल्याने जन्मतः पिल्लाचे वजन पाव किलोच्या आसपासच भरते. डोळे मिटलेले, अंगावर केस अगदी बारीक; हे पिल्लू स्वतःची ऊब टिकवू शकत नाही.

ती ऊब आई कुठून देते, याचा उलगडा २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अलास्कातील संशोधनाने बराचसा केला. शीतनिद्रेत काळ्या अस्वलांचा चयापचय नेहमीच्या विश्रांतीतील दराच्या सुमारे २५ टक्क्यांवर येतो, हृदयाचे ठोके मिनिटाला ५५ वरून १४ पर्यंत उतरतात, पण शरीराचे तापमान मात्र ३० ते ३६ अंश सेल्सिअसच्या दरम्यानच राहते. शरीराचे तापमान गोठणबिंदूच्या जवळ नेणाऱ्या लहान कृंतकांपेक्षा (खारीसारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांपेक्षा) ही अवस्था अगदी वेगळी आहे, आणि माझ्या मते या प्राण्याची खरी किमया इथेच आहे: ऊर्जेची एवढी काटकसर करूनही मादी पिल्लाच्या हालचालीला तत्काळ प्रतिसाद देऊ शकते.

मिनेसोटातील ईली या गावाजवळ अस्वलांचे अभ्यासक लिन रॉजर्स यांनी निवाऱ्यात कॅमेरा बसवला होता. २२ जानेवारी २०१० रोजी लिली नावाच्या मादीने पिल्लाला जन्म दिला, तेव्हा तो प्रसंग इंटरनेटवरून असंख्य लोकांनी थेट पाहिला. अशा निरीक्षणांतून आईचे अविरत काम दिसते: ती पिल्लांना चाटून स्वच्छ ठेवते, अंगाचे वेटोळे करून त्यांना पोटाशी घेते आणि कूस बदलताना त्यांना जपते. दूध पिताना पिल्ले एकसुरी गुणगुणतात. या आवाजावरून निवाऱ्यात पिल्ले असल्याचे बाहेरूनही ओळखता येते. दुधात स्निग्धांश २० टक्क्यांहून अधिक असल्याने ती झपाट्याने वाढतात, आणि सुमारे सहा आठवड्यांनी त्यांचे डोळे उघडतात.

निवारा नेहमी गुहाच असतो असे नाही. पडलेल्या झाडाची मुळे, झाडाची ढोली, खडकातील कपार, कधी तर उघड्या जमिनीवर रचलेला पाचोळ्याचा थरही मादीला पुरतो. त्यामुळे नकळत अगदी जवळ जाणे सहज घडते. दचकलेली मादी पिल्लांना सोडून निघून गेली, तर उघडी पडलेली पिल्ले गारठून मरतात. म्हणून फक्त संशोधकांनी रेडिओ कॉलर (माग काढण्यासाठी गळ्यात बांधलेला पट्टा) बदलण्यासाठी किंवा पिल्ले मोजण्यासाठी निवाऱ्यापर्यंत जाणे समर्थनीय मानता येते. तेही साधारण मार्चमध्ये, पिल्ले थोडी मोठी झाल्यावर, आईला भूल देऊन, आणि तोवर पिल्लांना स्वतःच्या जाकिटात उबदार ठेवून. केवळ कुतूहलापोटी जाणाऱ्याने मात्र दूरच्या कॅमेऱ्यावर समाधान मानावे, असे मला ठामपणे वाटते.

एप्रिलच्या सुमारास पिल्ले बाहेर पडतात, तेव्हा त्यांचे वजन दोन-तीन किलो झालेले असते. पुढचा हिवाळाही ती आईबरोबर एकाच निवाऱ्यात काढतात आणि सुमारे सतरा महिन्यांची झाल्यावर वेगळी होतात. म्हणूनच मादीचे वेत साधारणपणे दर दुसऱ्या हिवाळ्यातच होते.